ठिगळ आणि चीवर : पुनर्वापराच्या प्रश्नाची आपली बाजू

१

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आज शाळा-महाविद्यालयांच्या फलकांवर सर्वत्र दिसतात. पर्यावरण सप्ताहात बाटल्यांच्या फुलदाण्या होतात, वर्तमानपत्राच्या पिशव्या होतात. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत चांगल्या किमतीला विकल्या जातात. वस्तू कमी घ्या, मोडली तर दुरुस्त करा, टाकण्यापूर्वी तिचा दुसरा उपयोग शोधा, असा हा एकूण उपदेश आहे. त्यात खोटे काही नाही. नदी, माती आणि हवा यांची जी नासाडी चालू आहे, तिच्यात आपल्या रोजच्या सवयींचाही वाटा आहे, आणि सवयी बदलता येतात.

परंतु हाच उपदेश दलित वस्तीत पोहोचतो तेव्हा त्याला एक वेगळा इतिहास चिकटतो. आमचे काही कार्यकर्ते स्पष्ट म्हणतात, “आमच्या कितीतरी पिढ्या दुसऱ्याच्या टाकाऊवरच जगल्या. आता कुठे नवे कापड, नवे भांडे घरात येऊ लागले, तर हे आम्हाला पुन्हा जुने वापरायला सांगतात.” दुसरे काहीजण पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे म्हणून तो सोडून देतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु एवढ्यावर थांबल्याने नुकसान आपलेच होते. कारण शहराचा कचरा शेवटी आपल्याच वस्तीच्या कडेला येऊन पडतो, तो उपसणारे हात बहुतांशी आपलेच असतात, आणि जे कसब आपल्या आजा-आजीच्या बोटांत होते त्याची किंमत आता भलतेच लोक वसूल करतात. म्हणून या प्रश्नाचा विचार आपण आपल्या बाजूने केला पाहिजे. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातील वाकळ, वाख, कातडे आणि कचरा या चार गोष्टी समोर ठेवून तो येथे करावयाचा आहे.

२

पुनर्वापराची सक्ती हा आपल्या समाजव्यवस्थेचा फार जुना कायदा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ-श्वपाकांनी कसे राहावे याचे नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने घालायचे तर लोखंडाचे घालावेत. आजच्या भाषेत बोलायचे तर हीसुद्धा एक वस्तू वाया न घालवण्याची योजनाच होती. गावगाड्याने ती शतकानुशतके राबवली. मढ्यावरचे कापड महाराचे, मेलेले ढोर महाराचे, शिळे तुकडे महारा-मांगाचे. याला गावाने ‘हक्क’ असे गोंडस नाव दिले होते. यात वस्तूंची बचत झाली खरी, पण ती माणसाला टाकाऊ ठरवून झाली.

आता याच मढ्यावरच्या कापडाची दुसरी कथा पाहावी. बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रांचे नियम विनयपिटकात आले आहेत. प्रारंभी भिक्षू पांसुकूल चीवर वापरीत, म्हणजे उकिरड्यावर, रस्त्याच्या धुळीत आणि स्मशानात पडलेली फडकी वेचून, धुऊन, कापून ती एकत्र शिवीत आणि रंगवीत. मगधातील भातखाचरे आणि त्यांचे बांध पाहून त्या धर्तीवर तुकडे जोडण्याची पद्धत आनंदाने बसवली, असे विनयात सांगितले आहे. पुढे जीवक वैद्याने विनंती केल्यावरून गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्यासही बुद्धांनी परवानगी दिली. ज्याला पांसुकूल हवे त्याने ते घालावे, ज्याला गृहस्थाने दिलेले हवे त्याने ते घ्यावे, असा तो निर्णय आहे.

आनंदाचीच आणखी एक गोष्ट विनयात आहे. उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा इतक्या वस्त्रांचे हा भिक्षू काय करणार, असे राजाने विचारले. आनंदाने उत्तर दिले, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणे, अंथरणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी, आणि झाडणी फाटली की त्यांचे तुकडे चिखलात मळून त्याने जमीन लिंपू. कापडाच्या धाग्याधाग्याचा असा हिशेब आजच्या पर्यावरणाच्या पुस्तकांतही क्वचितच सापडेल.

स्मशानातले कापड मनूच्या कायद्यात आहे आणि विनयातही आहे. फरक कापडात नाही. मनूकडे ते जन्मावरून लादलेले आहे, विनयात ते पत्करलेले आहे, आणि नको असेल तर दुसरा मार्ग मोकळा आहे. मनूकडे ते एका जातीपुरते आहे. संघात शाक्य राजकुळातला अनुरुद्ध आणि न्हावी उपाली यांना नियम एकच आहे. मनूकडे नवे एकाने वापरावे आणि जुने दुसऱ्याच्या अंगावर फेकावे अशी वाटणी आहे. संघात जो वापरतो तोच त्याची शेवटपर्यंत काळजी वाहतो. पुनर्वापराची कोणतीही योजना आपल्यापुढे आली की हे तीन प्रश्न विचारावेत. ती निवडीची आहे की सक्तीची? तिचा भार सर्वांवर सारखा आहे काय? आणि तिचा मोबदला कोणाच्या पदरात पडतो?

बाबासाहेबांची भूमिका या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर त्यांनी स्त्रियांपुढे भाषण केले. अस्पृश्यतेच्या खुणा ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून द्या, घरात मेलेल्या जनावराचे मांस येऊ देऊ नका, असे त्यांनी बजावले. त्याच वेळी वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असावे, असेही सांगितले. म्हणजे ठिगळाची लाज त्यांनी बाळगायला सांगितली नाही. गुलामीची खूण आणि गरिबीतली काटकसर यांतला भेद त्यांनी नेमका दाखवला.

आणि काटकसरीच्या नावाने गुलामी टिकवू पाहणाऱ्यांनाही त्यांनी उत्तर दिले आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी ‘केसरी’तील एका जुन्या प्रचाराची आठवण सांगितली. मेलेली ढोरे ओढणे सोडल्यामुळे कातडे, शिंगे, खूर, हाडे यांचे वर्षाचे पाचशे रुपयांचे उत्पन्न अस्पृश्य गमावतात, असा तो युक्तिवाद होता. त्यावर, हे उत्पन्न तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी देतो, असे बाबासाहेबांनी सुनावले होते. फायद्याचा हिशेब मांडणारा स्वतः त्या कामाला हात लावायला तयार आहे काय, ही कसोटी त्यांनी घालून दिली. आज हिरव्या जीवनशैलीचा हिशेब मांडणाऱ्यांनाही ती लावली पाहिजे.

ठिगळ स्वेच्छेने अंगावर घेणारा एक माणूस याच महाराष्ट्रात होऊन गेला. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि मातीचे गाडगे असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले. गाडगेबाबांनी गाव झाडले ते दुसऱ्या कोणाला झाडायला लावून नव्हे. बाबासाहेबांची कसोटी त्यांनी न सांगता पार केली होती.

३

आता वस्तूंकडे वळू. आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळीसाठी जुनी लुगडी, धोतरे, फाटकी सदरे घेतात. खाली-वर धडके लुगडे आणि मधल्या थरांत लहानमोठे तुकडे अंथरून जाड सुईने कडेपासून आत धावदोरा घालीत जातात. शिवलेल्या थरांमध्ये हवा कोंडून राहते, आणि ही कोंडलेली हवाच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. एक वाकळ शिवायला उन्हाळ्याचे कित्येक दिवस लागतात. ती झिजली की तिच्यावर दुसरे लुगडे घालून पुन्हा शिवतात. त्यामुळे घरातल्या जुन्या वाकळीच्या पोटात दोन-तीन पिढ्यांचे कपडे असतात.

माझ्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. माझ्या आईने शिवलेल्या वाकळींवर मी अभ्यास केला आणि वसतिगृहात जाताना तीच नेली. परंतु अलीकडे ती म्हणते की आता वाकळ जमत नाही, कापडच तसे राहिले नाही. हे खरे आहे. बाजारात स्वस्त मिळते ती साडी कृत्रिम धाग्याची. ती टाक्यात सरकते, घाम टिपत नाही, आणि मातीत पडली तर वर्षानुवर्षे कुजत नाही. सुती कापड आता महाग झाले आहे. म्हणजे ज्याला गरिबाचे कापड म्हणत ते श्रीमंताकडे गेले आणि न कुजणारे गरिबाच्या वाट्याला आले. गरिबाला पुनर्वापराचा उपदेश करताना ही गोष्ट लक्षात घेतली जात नाही.

आमच्या महाविद्यालयात एकदा ‘टाकाऊतून टिकाऊ’ची स्पर्धा होती. अनेक विद्यार्थ्यांनी दुकानातून नवे पुठ्ठे, नव्या आइस्क्रीमच्या काड्या, चमकी आणि डिंक विकत आणून वस्तू केल्या होत्या. वस्तीतून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी विचारले, तू का भाग घेतला नाहीस? ती म्हणाली, “सर, आमच्या घरात टाकायचं असं काय निघतच न्हाय.” तिच्या घरी पत्र्याच्या डब्याचा चुलीपुढचा बंब झाला होता, खताच्या पोत्याचे अंथरूण आणि सायकलच्या टायरचे दाराचे बिजागर झाले होते. स्पर्धेच्या कल्पनेत ते बसत नव्हते, कारण त्यावर चमकी नव्हती. खरे पाहता परीक्षकांनी तिच्या घरी जाऊन शिकायला हवे होते.

४

वाख म्हणजे केकताडाचा, म्हणजे घायपाताचा धागा. माझे आजोबा दोर वळीत. आमच्या भागात केकताड माळावर आणि बांधावर आपोआप वाढते, आणि त्याच्या मुळांनी बांध धरून राहतो. त्याची काटेरी पाने कापून ओढ्यात किंवा डबक्यात दगडाखाली दाबून दोन-तीन आठवडे कुजवतात. पानाचा गर सडतो, धागा सडत नाही. मग ती बडवून, धुऊन, वाळवून पांढराशुभ्र वाख निघतो. हे वर्णन वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात त्या पानाच्या रसाने हातापायांना आग सुटते, खाज येते, आणि कुजलेल्या पाण्याचा वास अंगातून दोन दिवस जात नाही. गाव त्या वासाला नाक मुरडी, आणि त्याच दोराने आपली जनावरे बांधी.

दोराची ताकद कशात असते हे समजून घेण्यासारखे आहे. वाखाच्या पदराला आधी एका बाजूला पीळ देतात, आणि असे तीन पदर एकत्र वळताना उलट्या बाजूला पीळ देतात. सुटू पाहणारा प्रत्येक पदर दुसऱ्याला घट्ट आवळतो. म्हणून गाठ किंवा डिंक नसताना दोर टिकतो. दावे, कासरा, म्होरकी, वेसण, शिंके, मोटेचा जाड नाडा आणि तिच्या सोंडेचा सोंदूर हे सगळे मांगवाड्यातून येई. बेंदराच्या सणाला बैलांच्या अंगावर नवे दोर चढत, आणि वळणाऱ्याला त्याचे बलुते खळ्यावर मिळे, तेही शेतकऱ्याच्या मर्जीने. केरसुणीचेही तेच. मातंग स्त्रीने शिंदीच्या पानांची बांधलेली केरसुणी दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजली जाते. बांधणारीला मात्र उंबऱ्याच्या आत जागा नव्हती.

विजेचे पंप आले आणि मोट गेली, तिच्याबरोबर नाडा आणि सोंदूर गेले. नायलॉनचा दोर आला आणि दावे-कासरे गेले. नायलॉन स्वस्त, पाण्यात न कुजणारा, म्हणून शेतकऱ्याने तो घेतला; त्याला दोष देता येत नाही. परंतु तो जनावराच्या मानेला काचतो, आणि तुटल्यावर त्याचे तंतू शेतातच पडून राहतात. वाखाचा दोर तुटला तर उकिरड्यात जाऊन खत होई. आज जगभर कुजणाऱ्या धाग्यांना पुन्हा मागणी येते आहे. ही मागणी आमच्यापर्यंत पोहोचली, तरी आमच्या मुलांनी पुन्हा डबक्यात उतरावे असे मी म्हणणार नाही. पानातून धागा काढणारी यंत्रे आहेत. त्या यंत्राची मालकी, कच्चा माल आणि बाजार वळणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या हातात असेल, तर हा धंदा कोणत्याही जातीच्या मुलाने करावा असा होईल. ते नसेल तर हिरव्या रंगात रंगवलेले जुनेच बलुते आपल्या पदरी येईल.

५

कातड्याची कथा याच वळणाने जाते. मेलेल्या जनावराचे कातडे तसेच ठेवले तर सडते. चुन्याच्या पाण्यात ठेवून त्याचे केस आणि मांस सैल करून खरवडतात, आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात ते मुरवतात. आमच्याकडे ढोर समाजातील कारागीर कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगीत आणि तिच्यात अर्क भरून मुरवीत. सालीतला तुरट पदार्थ कातड्यातल्या प्रथिनांना धरतो, आणि मग ते कुजत नाही. याला कित्येक आठवडे लागतात. कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम एक-दोन दिवसांत होते, पण त्याचे सांडपाणी विषारी असते. तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यातील चर्मोद्योगाने पाणी व शेती नासली, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व त्या खटल्यात मान्य केले.

बाभळीच्या सालीत कमावलेल्या, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा आणि सोलापूर हे जिल्हे आहेत आणि कर्नाटकातलेही चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला दाखवल्या आणि त्या कुठल्या, कोणाच्या याचा उल्लेख केला नाही. महाराष्ट्रात ओरड झाली, आणि मग कंपनीने त्यांचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले. ओरड योग्यच होती. पण ‘आमची कोल्हापुरी’ म्हणून अभिमान सांगणाऱ्या किती जणांनी ती शिवणाऱ्या आणि कातडे कमावणाऱ्या हातांची जात अभिमानाने उच्चारली? परदेशी कंपनीने जे एकदा केले ते आपला समाज रोज करतो. वस्तू घेतो आणि करणाऱ्याचे नाव गाळतो.

दुसरीकडे, २०१५ साली महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर कातड्याच्या पुरवठ्याची अडचण वाढली. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोडवणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले. त्यानंतर तेथील दलितांनी मेलेली जनावरे उचलण्याचे नाकारले आणि ती सरकारी कचेरीपुढे आणून टाकली. महाडपासून चालत आलेला ‘तुम्हीच करा’ हा सवाल तेथे पुन्हा उभा राहिला. मेलेले जनावर हीसुद्धा पुनर्वापराचीच वस्तू आहे. पण ते उचलायचे कोणी, हे जात ठरवत असेल, तर तिथे पर्यावरणाचा प्रश्न आधी जातीचा प्रश्न असतो.

६

आता कचरा. आमच्या वाटेगावात १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आपण शिकवतो. खाण बंद पडल्यामुळे बेकार झालेला भीमा प्रेताची राख चाळून सोन्याचे कण शोधतो आणि अखेर त्यात हाताची बोटे गमावतो. आज शहराच्या कचऱ्याच्या डेपोवर तारा, बाटल्या, पत्रा वेचणाऱ्या बाया पाहिल्या की ती कथा जुनी वाटत नाही.

शेजारीच एक वेगळे उदाहरण आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली हजारो माणसे देशभर गलाईचा धंदा करतात. मोडीत आलेले दागिने वितळवून, तेजाबाने मळ काढून शुद्ध सोने-चांदी वेगळे करणे, हा तो धंदा. तेजाबाच्या धुरात छाती जाळून या माणसांनी तो उभा केला, आणि विटा परिसराची भरभराट त्यावर झाली. त्यांच्या कष्टाबद्दल आदरच आहे. परंतु विचार करावा की सोन्याची मोड शुद्ध करणारा शेठ होतो, आणि प्लॅस्टिकची मोड वेगळी करणारी बाई ‘कचरेवाली’च राहते. दोघेही टाकाऊतून मोल काढतात. फरक भांडवलाचा आहे, आणि कोणते काम कोणत्या जातीचे मानले जाते याचा आहे.

कचरावेचक कष्टकऱ्यांनी हे चित्र बदलता येते हे पुण्यात दाखवले. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या सभासदांत मोठी संख्या दलित स्त्रियांची आहे. त्यांतल्या कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. भंगार वेचणे हे काम आहे आणि करणारी कामगार आहे, एवढेच म्हणणे त्यांनी लावून धरले. महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली. पुढे २००८ साली त्यांच्याच सहकारी संस्थेने, ‘स्वच्छ’ने, घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार पुणे महापालिकेशी केला. उकिरड्यावर कुत्र्यांशी झगडत वेचण्याऐवजी दारातून वर्गीकृत कचरा घेणे, हा बदल त्यांच्या आयुष्यात फार मोठा होता. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन आले आणि कचरावेचकांना मान्यता देण्याची तरतूदही आली.

आपल्या जिल्ह्यातले कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिले आले. ही अभिमानाची गोष्ट आहे. अशा प्रत्येक बक्षिसाच्या वेळी आपण एक प्रश्न विचारायला शिकले पाहिजे : ज्यांनी झाडले ते कायम आहेत की कंत्राटी, त्यांना हातमोजे आणि औषधोपचार मिळतात काय, आणि त्यांत वरच्या जातीची माणसे किती आहेत?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली बुडाली, तेव्हा मदतीच्या गाड्या भरभरून आल्या. महाराष्ट्राने माणुसकी दाखवली. परंतु त्यांतच फाटक्या, मळक्या कपड्यांचे ढीगही आले. ते कोणी घेईना, आणि शेवटी सफाई कामगारांनाच उचलावे लागले. आपल्याला नको ते दुसऱ्याला देणे म्हणजे पुनर्वापर नव्हे. धुऊन, टाके घालून, आपण स्वतः वापरू असे करून दिले, तरच ती देणगी होते.

७

या सगळ्यातून आपण आपल्या घरात, वस्तीत आणि संस्थांत काय करावे?

पहिली गोष्ट घरातल्या डब्याची. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांमुळे दुसऱ्या कोणाला तरी आपल्या खरकट्यात हात घालावा लागत नाही. फुटकी काच जाड कागदात बांधावी. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे उचलणारीला न उघडता कळते. पुण्यात ‘स्वच्छ’च्या बायांनी ही खूण रूढ केली आहे. शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या कुटुंबांनी हे आधी करावे. आपण त्या कामातून सुटलो, पण आपली भावकी अजून त्यात आहे.

दुसरी गोष्ट जयंतीची. १४ एप्रिल आणि १ ऑगस्ट यांच्या आसपास आपल्या वस्त्या फ्लेक्सने झाकून जातात. फ्लेक्स हे पीव्हीसीचा थर दिलेले कापड आहे. ते कुजत नाही, आणि जाळले तर विषारी धूर निघतो. काही फ्लेक्स पावसाळ्यात गळक्या छपरावर जातात, तेवढाच त्यांचा उपयोग. पूर्वी कापडी फलक रंगवले जात, आणि रंगवणारा बहुधा आपल्याच वस्तीतला पोरगा असे. वर्षाचा आकडा तेवढा बदलता येईल असा एक कापडी फलक केला तर तो दहा वर्षे पुरतो, आणि वाचलेल्या पैशांत वाचनालयाला पुस्तके येतात. चैत्यभूमीवर फुले-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन वाहण्याची पद्धत आपल्याच कार्यकर्त्यांनी रुजवली. म्हणजे आपल्याला हे जमते.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. कसब शिकवायचे असेल तर कारागिराला शिक्षक म्हणून बोलवावे, खुर्ची द्यावी, बाहेरच्या व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे. दोर वळणारा, चप्पल शिवणारा, टोपली विणणारा बुरूड, वाकळ शिवणारी बाई यांच्यापुढे सर्व जातींच्या मुलांनी बसून हात चालवावा. वर्गातल्या फक्त एकाच वस्तीच्या मुलांना ते काम नेमून दिले, तर शाळेतही गावगाडाच भरतो. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून वाख, नाडा, सोंदूर, म्होरकी, वादी असे शब्द आणि त्या कामाच्या रीती लिहून घ्याव्यात. कर्मवीरांच्या साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ ही परंपरा आहे. तिच्यात मुलगा श्रमाला लाजत नव्हता, कारण ते श्रम सर्वांच्या वाट्याला होते.

चौथी गोष्ट संघटनेची. वस्तीशेजारी डेपो येत असेल, कंत्राटदार हातमोजे देत नसेल, कारागिरांची संस्था कागदावरच असेल, तर ते प्रश्न ग्रामसभेत आणि नगरपालिकेत मांडणे हेही पर्यावरणाचेच काम आहे. वैयक्तिक सवयी बदलून कारखान्याचे सांडपाणी शुद्ध होत नाही, हे उघड आहे. परंतु स्वतःचा डबा नीट ठेवणाऱ्या वस्तीला नगरपालिकेला जाब विचारताना अधिक जोर येतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्या तरुणांना नवे कापड, नवी गाडी, नवे घर यांची ओढ आहे, आणि तिच्यात अपराध काही नाही. ज्यांना कधी निवडच नव्हती त्यांनी आधी निवडून पाहणे साहजिक आहे. ती निवड आल्यानंतर काय ठेवायचे, काय टाकायचे, हे मात्र आपल्याला ठरवावे लागेल. मनूने दिलेले मढ्यावरचे कापड आपण फेकले, ते योग्यच केले. आनंदाने शिवलेले चीवर आणि आईने शिवलेली वाकळ त्याच्याबरोबर फेकण्याचे कारण नाही. ती अंगावर घ्यायची की नाही, हे आपण ठरवू. आणि आपण घेऊ तेव्हा बाकीच्या समाजानेही ती घेतली पाहिजे, असा आग्रह धरू.